नदीची तब्येत मोजायला सुरुवात कुठून झाली

नदीचं पाणी किती खराब झालंय हे सांगणारा बीओडी नावाचा आकडा जगभर चालतो, त्यातल्या ५ दिवसांची गोष्ट भारी आहे. ब्रिटनमध्ये १८९८ ला सांडपाण्यासाठी रॉयल कमिशन बसलं, त्यांच्या १९१२ च्या रिपोर्टने ही टेस्ट रुळवली, म्हणजे नमुना बाटलीत बंद करून ५ दिवस ठेवायचा आणि जंतूंनी तेवढ्यात किती ऑक्सिजन खाल्ला ते मोजायचं, जास्त खाल्ला म्हणजे पाणी जास्त घाण. पाचच का? तर तिथल्या नद्या आखूड, तेवढ्या दिवसांत पाणी समुद्रात जातं, असं सांगतात. आणि मग हेच ५ दिवस हजारो किलोमीटर लांब नद्यांनाही लागले!

पण बाटलीत फक्त त्या क्षणाचं पाणी येतं. कारखान्याने रात्री घाण सोडली आणि नमुना दुपारी घेतला की रिपोर्ट एकदम क्लीन. नदीत राहणारे किडे मात्र अशी दुपार बघून येत नाहीत. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या शास्त्रज्ञांनी १९०८-०९ मध्येच कुठले जीव किती घाणीत टिकतात याच्या याद्या केल्या होत्या, पुढे १९६४ मध्ये इंग्लंडात ट्रेंट नदीवरून अशा किड्यांचा इंडेक्सच निघाला. काम तसं साधं, प्रवाहात जाळं धरायचं, त्याच्या वरच्या अंगाला पायाने तळ ढवळायचा, दगडाखालचं सगळं वाहून जाळ्यात येतं, ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून बघायचं. स्टोनफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं दिसली तर पाण्यात ऑक्सिजन भरपूर, नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर समजून जा.

अमेरिकेत १९७२ च्या कायद्यात पाण्याच्या रासायनिक, भौतिक आणि जैविक अशा तिन्ही बाजू आल्या, १९८१ मध्ये जीवशास्त्रज्ञ जेम्स कार यांनी माशांवरून स्कोअर काढायची पद्धत दिली. युरोपने २००० मध्ये नदीच्या तब्येतीचे ५ दर्जे ठरवले, तेही माणसाचा हात जवळजवळ न लागलेल्या नदीशी तुलना करून. आता अशी नदी शोधायची कुठे, हीच तर खरी डोकेदुखी.

नदीचं मोल हा मुद्दा मात्र वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने निसर्गसौंदर्य, मासे, इतिहास यांसाठीही नद्या राखता येऊ लागल्या. मला सगळ्यात पटलेली पद्धत न्यूझीलंडची, तिथे २००३ मध्ये तिथल्या मूळच्या माओरी लोकांबरोबर एक इंडेक्स तयार झाला, त्यात ते स्वतःच नदीकाठी जाऊन तिला जोखतात, खाण्याजोगं काय मिळतं ते बघतात आणि एक प्रश्न असतो, इथे परत याल का? हो असेल तर १, नाहीतर ०.