क्रोशा आणि दोन सुयांचं विणकाम: फरक नेमका कुठे?

मराठीत 'विणणे' हे क्रियापद फार उदार आहे. पैठणी विणतात, बाज विणतात, स्वेटर विणतात आणि रुखवतातलं तोरणही विणतातच. पैठणी आणि बाजेत कुणी गल्लत करत नाही, पण स्वेटर आणि तोरण यांच्यात हमखास होते. "मला विणायला शिकायचंय" म्हणणारी व्यक्ती लोकरीच्या दुकानात गेली की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "क्रोशाची सुई की स्वेटरच्या सुया?" दोन्हीकडे लोकर असते, दोन्हीकडे टाके मोजायचे असतात. कापड मात्र पूर्णपणे वेगळं तयार होतं.

सुया किती, हा फरक वरवरचा झाला. खरा फरक असा: एका वेळी किती फास उघडे असतात? दोन सुयांवर ७२ टाके घातले, तर त्या ओळीतले ७२च्या ७२ फास सुईवर उघडे, एकमेकांच्या आधाराने उभे असतात. क्रोशात दोन टाक्यांच्या मध्ये सुईवर एकच फास उरतो. टाका पूर्ण झाला की तो बंद झाला, मग पुढचा. बाकीचे जवळपास सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात. (लांब सुईचा ट्युनिशियन क्रोशा या नियमाला अपवाद आहे. त्यात ओळभर फास सुईवर गोळा करतात आणि परतताना बंद करतात. पण तो आपल्याकडे क्वचितच दिसतो.)

तयार वस्तू हातात आली तर ती कशाची आहे हे असं ओळखावं. सुयांच्या कामात पुढच्या अंगाला इंग्रजी 'व्ही'सारख्या आकारांचे उभे रकाने दिसतात आणि मागच्या अंगाला बारीक आडवे उंचवटे. अंगातला बनियन किंवा टी-शर्ट डोळ्यांजवळ नेऊन पाहा, तेच दिसेल. तेही सुयांचंच विणकाम आहे, फक्त यंत्रावरचं. क्रोशात उभे खांब दिसतात आणि प्रत्येक ओळीच्या माथ्यावर साखळी. शंका उरलीच तर कापड आडवं ताणून बघा. सुयांचं कापड बरंच पसरतं आणि परत जागेवर येतं, क्रोशाचं फारसं हलत नाही.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणायचं यंत्र केलं, आणि आजच्या होजिअरीची यंत्रं त्याच कल्पनेवर चालतात. सगळे फास ओळीत उघडे असल्यामुळे यंत्राला एकेका फासासाठी एकेक सुई ठेवता येते. क्रोशाचा टाका मात्र कुठेही, कोणत्याही दिशेने घालता येतो, आणि म्हणूनच खरा क्रोशा आजवर कारखान्यातल्या यंत्रावर आलेला नाही. बाजारातला 'क्रोशा' टॉप एक तर कुणीतरी हातानं केलेला असतो, नाही तर यंत्रावरच्या लेसने केलेली क्रोशाची नक्कल असते. किंमत फारच कमी असेल तर दुसरी शक्यता धरा. आंध्र प्रदेशातल्या नरसापूरची क्रोशा लेस अजूनही हातानंच होते. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता टाके. सुयांच्या कामात मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. सुलटासाठी लोकर मागे ठेवून उजवी सुई फासात पुढून मागे घालायची, तिच्यावर लोकरीचा वेढा द्यायचा, तो फासातून पुढे ओढायचा आणि जुना फास डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. उलटासाठी लोकर पुढे आणायची आणि वेढा मागच्या बाजूला काढायचा. उलट टाका म्हणजे सुलट टाक्याची पाठच. वेगळं काही नाही. सगळ्या ओळी सुलट घातल्या तर दोन्ही बाजूंनी सारखं, जाड, सपाट राहणारं कापड होतं. एक ओळ सुलट, एक उलट घातली तर स्वेटरचं नेहमीचं गुळगुळीत कापड. एकाच ओळीत दोन सुलट, दोन उलट आणि पुढच्या ओळीत सुलटावर सुलट, उलटावर उलट घातलं तर रिब, म्हणजे मनगटाची आणि कमरेची ताणणारी पट्टी.

क्रोशाची सुरुवात साखळीने होते, म्हणजे एका फासातून पुढचा फास ओढत केलेल्या रांगेने. सुई टाक्यात घालून लोकर ओढली की सुईवर दोन फास होतात. पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून काढली की मुका खांब झाला. खांबासाठी सुई टाक्यात घालायच्या आधीच तिच्यावर एक वेढा घ्यायचा. मग लोकर ओढल्यावर तीन फास होतात; दोनांतून काढायची, पुन्हा दोनांतून काढायची. खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच होतो. हे प्रमाण लक्षात ठेवा, टोपीच्या वेळी लागेल.

इंटरनेटवरचे नमुने वाचताना इथे मोठा खड्डा आहे. अमेरिकी नमुन्यातला 'सिंगल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब आणि 'डबल क्रोशे' म्हणजे खांब. ब्रिटिश नमुन्यात मुक्या खांबालाच 'डबल क्रोशे' म्हणतात आणि खांबाला 'ट्रेबल'. शब्द न तपासता काम सुरू केलं तर रुमाल निम्म्या उंचीचा किंवा दुप्पट उंचीचा होतो. 'सिंगल क्रोशे' हा शब्द कुठेही दिसला तर नमुना अमेरिकी समजा, कारण ब्रिटिश पद्धतीत तो शब्दच नाही.

सुयांच्या नंबरांचंही तसंच. आपल्याकडच्या जुन्या, ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर ३.२५ मिमी, १२ नंबर २.७५ मिमी. अमेरिकी पद्धत उलटी: तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची असते. म्हणून नंबर विसरा, मिलिमीटर बघा. क्रोशाच्या सुताचा नंबरही वाढला की सूत बारीक होतं; तोरणाला १० किंवा २० नंबर सोपा, ४० नंबर सराव झाल्यावर.

नवजात बाळाची टोपी दोन्ही पद्धतींनी करून पाहिली की फरक हाताला कळतो. डीके जाडीची, म्हणजे मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिमीची सुई घेऊ. बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंमी. या लोकरीचं सुयांचं प्रमाण १० सेंमीत २२ टाके आणि २८ ओळी असं धरतात. कापड ताणणार आहे, म्हणून टोपी डोक्यापेक्षा लहानच करायची, ३२ सेंमीची. ३२ सेंमीचे ७० टाके, शिवणीसाठी २ जास्त, एकूण ७२. ३ सेंमी रिब, मग एक सुलट ओळ, एक उलट ओळ असं करत एकूण ९ सेंमीपर्यंत जायचं. त्यानंतर माथा आवळायचा. एका सुलट ओळीत '७ सुलट, २ टाके एकत्र' असं आठ वेळा करायचं की ६४ टाके उरतात. मग एक साधी उलट ओळ. पुढच्या सुलट ओळीत '६ सुलट, २ एकत्र', आणि याच क्रमाने सुईवर ८ टाके उरेपर्यंत. लोकर साधारण ४० सेंमी सोडून कापायची, शिवणाच्या जाड सुईत ओवून त्या आठही फासांतून काढायची आणि घट्ट ओढायची. राहिलेल्या लोकरीने बाजूची शिवण घालायची.

क्रोशाची टोपी याच्या उलट, माथ्यापासून सुरू होते आणि तिला शिवण नसते. ४ साखळ्यांचं गोल कडं करून त्यात १२ खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे २४. तिसरीत एका खांबात एक, पुढच्यात दोन, असे ३६. पुढे ४८, मग ६०. दर फेरीला १२ वाढतात. हा आकडा मनानं काढलेला नाही. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते त्याच्या ६.२८ पट घेर वाढतो. मुका खांब जेवढा रुंद तेवढाच जवळपास उंच, म्हणून त्याच्या फेरीला ६ टाके वाढवतात. खांब दुप्पट उंच, म्हणून १२. चकतीला झालर पडू लागली तर टाके जास्त झालेत; वाटीसारखी वर वळू लागली तर कमी पडलेत. इथे कापड ताणत नाही, त्यामुळे माप डोक्याएवढंच हवं. ३५ भागिले ३.१४ म्हणजे चकतीचा व्यास ११ सेंमी झाला की वाढवणं थांबवायचं आणि माथ्याच्या मध्यापासून १३-१४ सेंमी होईपर्यंत टाके तेवढेच ठेवून फेऱ्या घालायच्या.

दोन्ही टोप्या शेजारी ठेवल्या तर क्रोशाची जाड आणि जरा ताठ लागते. तिला लोकरही जास्त लागते, कारण प्रत्येक टाका खालच्या ओळीत आणि शेजारच्या टाक्यातही अडकवलेला असतो. पण ती लवकर होते आणि डोळ्यांना पटकन गोड दिसते. बाळाच्या रोजच्या वापरासाठी मात्र आमचं मत सुयांच्या टोपीलाच: महिनाभरात डोकं वाढतं आणि ती त्याच्याबरोबर वाढते. बाळंतविड्यात झबलं, टोपडं, पायमोजे सुयांवर करावेत आणि दुपट्याची किनार क्रोशाची. जाळीची नक्षी मात्र दोन्ही पद्धतींत टाळा. बाळाची बोटं तिच्यात अडकतात. गळ्याशी फितीही नकोत.

चुकांचं स्वरूपही वेगळं आहे. क्रोशात चुकलं तर सुई काढायची, लोकर ओढायची, हवं तेवढं उसवायचं आणि उरलेल्या एका फासात सुई घालून पुढे चालू. सुयांच्या कामात सुई निसटली की ओळभर फास मोकळे होतात, आणि एक जरी गळला तरी तो ओळीमागून ओळ खाली शिडीसारखा उतरत जातो. म्हणून नवशिक्यांना क्रोशा जास्त माफ करतो. पण क्रोशात एक चूक अशी आहे जी वीस ओळी होईपर्यंत कळतच नाही: चौकोन हळूहळू त्रिकोण होतो. कारण ओळ वळवतानाची साखळी. खांबाच्या ओळीला ३ साखळ्या घालतात आणि त्या पहिला खांब म्हणून मोजतात, म्हणजे ओळीच्या शेवटी त्या साखळ्यांच्या डोक्यावर खांब घालायलाच हवा. तो राहिला की दर ओळीला एक टाका कमी. मुक्या खांबाला १ साखळी घालतात, ती मोजत नाहीत. सुरुवातीची साखळी घट्ट झाली तर तळ आवळला जातो आणि तुकडा पंख्यासारखा पसरतो. ती अर्ध्या मिलिमीटरने जाड सुईने घालावी.

सुयांवर नवशिक्यांचे टाके कमी होण्यापेक्षा वाढतातच जास्त. ओळीच्या आरंभी लोकर सुईवरून मागे ओढली गेली की पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि दोन्ही विणले जातात. सुलट घालताना लोकर चुकून पुढे राहिली की एक जादा वेढा आणि एक भोक. ओळ अर्धवट सोडून उठलात तर परत आल्यावर उलट दिशेने सुरुवात होते, म्हणून ओळ संपवूनच सुया ठेवाव्यात. आणि एक सुलट, एक उलट ओळींचं कापड कडेला गुंडाळतंच. ती चूक नाही, दोन्ही अंगांचा ताण सारखा नसतो म्हणून ते होतं. इस्त्रीने जात नाही. कडेला ४-५ टाके दोन्ही ओळींत सुलट ठेवले की थांबतं. स्वेटरचा गळा डोक्यातून जात नसेल तर टाके बंद करताना हात घट्ट होता. बंद करायची ओळ एका नंबराने जाड सुईवर घ्यावी.

नमुन्याचा तुकडा, म्हणजे टाके मोजण्यासाठी आधी विणलेला छोटा चौकोन, कुणालाच आवडत नाही, पण सुयांवर तो टाळू नये. १० सेंमीत २२ ऐवजी तुमचे २० टाके बसत असतील, तर ८८ सेंमी छातीसाठी घातलेले १९४ टाके ९७ सेंमी भरतील. तोरणाला किंवा रुमालाला एवढा काटेकोरपणा लागत नाही. स्वेटरची सगळी लोकर एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली घ्यावी. वेष्टनावर लॉट नंबर छापलेला असतो आणि वेगळ्या लॉटचा रंग शेजारी आल्यावरच फिका वाटतो.

शेवटची बैठक, म्हणजे तयार वस्तू नीट बसवणं, दोघांची निराळी. सुती क्रोशाचा रुमाल धुऊन, खळ देऊन, टाचण्यांनी ताणून वाळवला की नक्षी उठून दिसते. साखरेच्या पाकाची जुनी युक्तीही चालते, पण मुंग्या रुखवत बघायला येतात. आपल्याकडे लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते. तिच्यावर गरम इस्त्री टेकली की रिब कायमची सपाट होते.

क्रोशातून निघणाऱ्या भरीव खेळण्यांना मात्र सुयांकडे सोपा पर्याय नाही. गोल फेऱ्यांत मुके खांब घालायचे, वेष्टनावर सांगितलेल्यापेक्षा बारीक सुईने, नाही तर आतला फायबर टाक्यांतून डोकावतो. डोळे बटणांचे न लावता दोऱ्याने भरावेत.

आणि सुयांवरच विणणार असलात तरी क्रोशाची एक सुई जवळ ठेवा. टाका गळून चार ओळी खाली गेला असेल तर सुलट बाजू समोर धरून ती खालच्या मोकळ्या फासात घालायची, वरचा आडवा धागा आकड्यात धरून फासातून ओढायचा, मग त्याच्या वरचा, असं चार वेळा करून फास परत डाव्या सुईवर बसवायचा. वीण उसवावी लागत नाही.