जेझेरोच का?

नासाच्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या रोव्हरला, म्हणजे मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीला, उतरायला जेझेरो हे विवर निवडलं गेलं. तेच का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ रोव्हर मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरला, तो तळ्याचा गाळ शोधायला. जागा निवडणाऱ्यांचा तर्क बिनतोड वाटत होता. सुमारे १६० किलोमीटर रुंदीचं विवर, आणि दक्षिणेची कड फोडून आत शिरणारी शेकडो किलोमीटर लांबीची कोरडी दरी. एवढी नदी खड्ड्यात आली म्हणजे पाणी साचलं असणार, गाळ तळाशी बसला असणार. प्रत्यक्षात रोव्हरला सभोवार दिसला तो बसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. गाळ असलाच, तर लाव्ह्याच्या थराखाली गाडला गेलेला.

त्याच महिन्यात जुळा भाऊ ‘ऑपॉर्च्युनिटी’ मेरिडियानीच्या मैदानात उतरला. तिथे नदीची अशी ठसठशीत खूण नव्हती. पण मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाला त्या मैदानात हेमटाइट हे लोहखनिज दिसलं होतं, आणि ते बऱ्याचदा पाण्याच्या सहवासात तयार होतं. उतरल्या उतरल्या समोर थरांचे खडक आले, त्यांत हेमटाइटच्या बारीक गोळ्या आणि पाण्याशिवाय न बनणारी सल्फेटं.

दोन रोव्हरांच्या या अनुभवाइतका मोलाचा धडा जागा निवडणाऱ्यांना दुसरा मिळाला नसेल. जमिनीचा आकार सांगतो की इथे कधीकाळी पाणी आलं असावं. आज उघड्यावर काय पडलं आहे, हे मात्र खनिजं सांगतात. दोघांची साक्ष जुळली पाहिजे.

‘पर्सिव्हिअरन्स’साठी हीच जुळणी शोधली गेली. पाच वर्षं, साठाहून अधिक जागा आणि २०१४ ते २०१८ दरम्यान चार खुल्या बैठका. शेवटी उरल्या त्यांत मंगळावरच्या ईशान्य सिर्टिस या भागातला अतिप्राचीन खडक होता, आणि गुसेव्हमधल्याच कोलंबिया टेकड्याही. त्या टेकड्यांपाशी स्पिरिटचं निकामी चाक जमिनीवर फरफटत गेलं आणि २००७ मध्ये खालून जवळजवळ शुद्ध सिलिका उघडी पडली, गरम पाण्याच्या झऱ्यांजवळ साठते तशी. मला या टेकड्यांचा दावा आजही हलका वाटत नाही. पण १९ नोव्हेंबर २०१८ रोजी नासानं जेझेरोचं नाव जाहीर केलं.

जेझेरो हे सुमारे ४५ किलोमीटर व्यासाचं विवर. नाव बोस्नियातल्या एका गावाचं. अनेक स्लाव्ह भाषांत या शब्दाचा अर्थच ‘सरोवर’. इथे खरंच सरोवर होतं हे कसं कळलं, ते लोणार पाहिलेल्याला पटकन उमगेल. लोणारही बसाल्टमधलं आघात-विवर. ईशान्येच्या धारेचं पाणी आत उतरतं, पण बाहेर पडायला वाट नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात, सरोवर खारं होतं. जेझेरोला मात्र पश्चिमेकडून आत येणारी दरी आहे, आणि पूर्वेकडून बाहेर जाणारीही. पाणी बाहेर पडायचं तर आधी त्या उंचीपर्यंत भरायला हवं. म्हणजे साडेतीनशे कोटी वर्षांहून आधी हे विवर काठोकाठ भरून वाहत होतं.

शिवाय आत येणाऱ्या दरीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश पसरलेला, पंख्यासारखा. नदी संथ पाण्यात शिरली की तिचा वेग मोडतो आणि ती गाळ टाकून देते. अशा गाळात सेंद्रिय पदार्थ गाडला गेला तर टिकण्याची आशा असते. खनिजांची साक्षही जुळली: त्रिभुज प्रदेशात चिकणमाती आणि विवराच्या आतल्या काठाला कार्बोनेट, दोन्ही पाण्याच्या सहवासात बनणारी.

मग एवढी चांगली जागा आधी का नाही? कारण शास्त्रज्ञांना कडे, थर, उंचवटे हवे असतात, आणि यान उतरवणाऱ्या अभियंत्यांना नेमकं तेच नको असतं. यान नक्की कुठे टेकेल हे आधी सांगता येत नाही; ते एका लंबवर्तुळात कुठेही टेकू शकतं, आणि त्यातला प्रत्येक कोपरा सुरक्षित असावा लागतो. १९७६ च्या व्हायकिंग यानाचं लंबवर्तुळ २८० बाय १०० किलोमीटरचं होतं, पुण्या-मुंबईसकट कितीतरी गावं त्यात मावतील. क्युरिऑसिटी रोव्हरसाठी ते २० बाय ७ वर आलं, पर्सिव्हिअरन्ससाठी ७.७ बाय ६.६ वर. पॅराशूट उघडण्याची वेळ लक्ष्यापासूनच्या अंतरावरून ठरवली म्हणून ते आणखी आकसलं. त्यावर कडी म्हणजे यानाला डोळे मिळाले. खाली येताना कॅमेऱ्यानं टिपलेली जमीन आधीच भरून ठेवलेल्या नकाशाशी जुळवायची आणि धोका टाळून जागा निवडायची. पृथ्वीवरून मदत अशक्य होती. संदेश पोहोचायलाच ११ मिनिटं लागत होती आणि उतरणं ७ मिनिटांचं. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी रोव्हर सुखरूप उतरला.

आणि तळाचे खडक निघाले अग्निजन्य! गुसेव्हची आठवण यावी असाच प्रसंग. फरक एवढाच की इथे त्रिभुज प्रदेश समोरच उघडा उभा होता. शिवाय अग्निजन्य खडकाचं वय प्रयोगशाळेत नीट काढता येतं, म्हणून त्याचे नमुनेही घेतले गेले. पुढे रोव्हर त्रिभुज प्रदेश चढून, पाणी आणणाऱ्या त्या नेरेत्वा दरीत शिरला. जुलै २०२४ मध्ये तिथल्या एका तांबूस चिखलखडकावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके दिसले. पृथ्वीवर अशा ठिपक्यांमधली खनिजं सूक्ष्मजीवांमुळे बनू शकतात, त्यांच्याविनाही बनू शकतात. त्या खडकाचा नमुना नळीत बंद करून रोव्हरनं जवळ ठेवला आहे.