पीएसएटीत १४४० म्हणजे नॅशनल मेरिट पक्की?

अमेरिकेतल्या पालकांमध्ये वर्षानुवर्षं एक समज फिरतोय: पीएसएटीत (तिथल्या शाळकरी मुलांची वाचन-लेखन आणि गणिताची परीक्षा) अमुक एक बेरीज गाठली की नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची पात्रता पक्की. तसं नाही. निवड एकूण गुणांवर होतच नाही, ती ‘सिलेक्शन इंडेक्स’वर होते. वाचन-लेखनाचे गुण दुप्पट करायचे, त्यात गणिताचे मिळवायचे आणि १०ने भागायचं. वाचन-लेखनात ७४० आणि गणितात ७०० असतील तर इंडेक्स २१८. हेच आकडे उलटे झाले तर २१४. बेरीज दोघांचीही १४४०! (गणिताच्याच क्लासमागे धावणाऱ्या घरांनी हे जरूर पाहावं.)

शिवाय सेमीफायनलिस्टचा, म्हणजे या शिष्यवृत्तीच्या आधीच्या टप्प्यात निवडल्या जाणाऱ्यांचा, कटऑफ आधी ठरलेला नसतो. देशभरातल्या सुमारे १६,००० जागा प्रत्येक राज्यातल्या बारावीच्या विद्यार्थिसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात आणि त्या राज्यात वरून खाली भरत येतात. म्हणून भरपूर गुण मिळवणारी मुलं जास्त असलेल्या न्यू जर्सीचा कटऑफ बहुतेकदा चढा असतो. परीक्षा ऑक्टोबरात, सेमीफायनलिस्टची नावं पुढच्या सप्टेंबरात. मधल्या काळात फिरणारे आकडे हे अंदाजच. आणि सेमीफायनलिस्ट झालं म्हणजे पैसे हातात आले असंही नाही, फायनलिस्ट होण्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो.