सोर्स फुकट, तयार प्रोग्राम विकत: 'आर्डर'ची पार्श्वभूमी

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर स्टुडिओचं काम होतं का, हा प्रश्न आता जुना झाला. होतं. पण ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं पोट त्यावर भरतं का, यावर अजून वाद आहे. त्यासाठी 'आर्डर' या मल्टिट्रॅक (अनेक आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून एकत्र करणाऱ्या) रेकॉर्डिंग प्रोग्रामकडे बघावं लागतं, कारण त्याच्या पैशाचा व्यवहार बराचसा उघड्यावर चालला.

पॉल डेव्हिस हा अ‍ॅमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या दोन प्रोग्रामरांपैकी एक. तिथून बाहेर पडल्यावर काही वर्षं पगाराविना काम करणं त्याला परवडणारं होतं. ही गोष्ट सहसा तळटीपेत जाते, पण माझ्या मते सगळ्याचा पाया तीच आहे. आरएमई कंपनीच्या हॅमरफॉल या साउंड कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, त्याने लिहिला आणि त्याच सुमारास, म्हणजे १९९९-२००० च्या आसपास, आर्डर सुरू केलं. तेव्हा आल्सा ही ध्वनियंत्रणा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आलेलीही नव्हती. ती २००२ मध्ये आली.

खरी अडचण होती विलंबाची. गायकाला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला की तो बेचैन होतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर (आवाजाचे तुकडे तात्पुरते साठवण्याची जागा) ठेवला, तर प्रोसेसरला प्रत्येक खेपेला सुमारे २.७ मिलिसेकंदांच्या आत काम संपवावं लागतं. तेवढ्यात डिस्क किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर मध्ये आला, की रेकॉर्डिंगमध्ये 'टक्' ऐकू येतं. म्हणून आर्डरसोबत 'जॅक' हा ऑडिओ सर्व्हरही, म्हणजे प्रोग्राम आणि साउंड कार्ड यांच्यात आवाजाची वेळेवर ने-आण करणारा प्रोग्राम, लिहावा लागला. त्याचा सर्व्हर जीपीएल या मुक्त परवान्याखाली (त्यावर बेतून वाटलेला प्रोग्रामही मुक्तच ठेवावा लागतो) ठेवला, पण इतर प्रोग्राम ज्यातून त्याला जोडले जातात ती लायब्ररी एलजीपीएल या सैल परवान्याखाली, म्हणजे बंद सोर्सचे प्रोग्रामही त्याला जोडता यावेत. धंद्याला दार उघडं ठेवायचं हे तिथेच ठरलं होतं.

पैसा मात्र सरळ आला नाही. सॉलिड स्टेट लॉजिकसारख्या, स्टुडिओतले मिक्सिंग कन्सोल बनवणाऱ्या कंपनीने काही काळ मदत केली, पण असे प्रायोजक कायमचे नसतात. मग मार्ग निघाला तो असा: सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कुणीही फुकट घ्यावा, पण कंपाइल केलेला (संगणकाला चालवता येईल असा) तयार प्रोग्राम हवा असेल तर पैसे मोजावेत, ऐपतीप्रमाणे, अगदी महिना एक डॉलरसुद्धा. गोम अशी, की लिनक्सच्या डिस्ट्रिब्यूशन्स, म्हणजे त्याच्या तयार आवृत्त्या, तोच प्रोग्राम आपल्या भांडारातून फुकट देतात, आणि परवान्यानुसार त्यांना अडवता येत नाही. मॅक आणि विंडोजवर अशी फुकटची सोय नाही. तिथे कंपाइल करणं म्हणजे डोक्याला ताप. ज्या व्यासपीठासाठी खटाटोप केला, तिथलंच गिऱ्हाईक फुकटात निभावून नेऊ शकतं.

दुसरी वाट अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या हॅरिसन या कन्सोल कंपनीने काढली. २००९ मध्ये आलेल्या तिच्या 'मिक्सबस'मध्ये सांगाडा आर्डरचा, पण आवाज घडवणारा भाग हॅरिसनचा आणि बंद. गिऱ्हाईक विकत घेतं तो दुसरा भाग. मला ही तडजोड प्रामाणिक वाटते: मिक्सबससाठी झालेल्या दुरुस्त्या आर्डरलाही मिळत गेल्या.

बंद सोर्सवाल्यांनी तर सरळ दुकानच थाटलं. बर्लिनचं 'बिटविग स्टुडिओ' हे संगीतनिर्मितीचं सॉफ्टवेअर २०१४ मध्ये पहिल्याच आवृत्तीपासून लिनक्सवर विकलं गेलं; पुढे 'रीपर' हे तसंच दुसरं सॉफ्टवेअरही आलं. म्हणजे लिनक्सवाले पैसे देत नाहीत, ही समजूत काही खरी नव्हती.

प्लगइनचा, म्हणजे मूळ प्रोग्रामला जोडायच्या वाद्यांच्या आणि इफेक्टच्या छोट्या प्रोग्रामांचा, तिढा जास्त चिवट निघाला. व्हीएसटी हे स्टाइनबर्ग कंपनीचं प्लगइनचं मानक. त्याच्या किटची परवान्याची अट अशी, की त्याच्या हेडर फाइली (प्लगइन जोडायला लागणाऱ्या सोर्स फाइली) मुक्त प्रोग्रामसोबत वाटताच येत नसत. व्हीएसटी ३ ला पुढे जीपीएलचा पर्याय मिळाला, लिनक्सचा अधिकृत आधारही आला, आणि २०२५ मध्ये एमआयटी हा जवळपास विनाअट मुक्त परवाना लागू झाला. त्याआधीच, २०२२ मध्ये, बिटविग आणि यू-ही या प्लगइन कंपनीने 'क्लॅप' हे प्लगइनचं मुक्त मानक आणलं होतं. कर्नलच्या बाजूने रिअल-टाइमचं काम, म्हणजे ठरल्या वेळेत काम संपेल याची हमी देण्याची सोय, २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत मुख्य शाखेत पोचलं. उरली ती कॉपी-संरक्षणाची गाठ. कितीतरी नामवंत प्लगइन 'आयलॉक' या परवाना तपासणाऱ्या यंत्रणेवर अवलंबून आहेत, आणि त्याची लिनक्स आवृत्ती नाही.