काडतुसावरील दाबाच्या खुणा

रायफलचे काडतूस उडाल्यावर रिकाम्या पितळी केसवर (बारूद आणि गोळी धरणाऱ्या नळकांड्यावर), तिच्या बुडात बसवलेल्या प्रायमरवर (ठोका बसताच पेटणाऱ्या टोपीवर) आणि नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टच्या हालचालीत काही चिन्हे उमटतात. त्यांवरून चेंबरमधला, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीतला, वायूचा दाब प्रमाणाबाहेर गेला होता का, याचा अंदाज बांधला जातो. या चिन्हांना दाबाच्या खुणा म्हणतात. काडतुसे हाताने भरणाऱ्यांच्या, म्हणजे रीलोडिंग करणाऱ्यांच्या, जगात या खुणांना फार मान आहे आणि तो काहीसा अवाजवी आहे. खूण दिसली तर सावध व्हायचे हे बरोबर. पण खूण दिसली नाही, म्हणजे दाब आटोक्यात होता, असे मानणे चूक ठरते.

मुंबईत नेमबाजी म्हटली की वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज किंवा दादरच्या सावरकर स्मारकातली रेंज डोळ्यांसमोर येते. सराव मुख्यतः एअर रायफलचा आणि .२२ चा (हा आकडा नळीच्या इंचांतल्या व्यासाचा). एअर रायफलमध्ये बारूदच नसते. .२२ चे काडतूस रिमफायर असते. त्याचे पेट घेणारे मिश्रण केसच्या कडेतच भरलेले असते आणि एकदा उडालेली केस पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. अंजली भागवत वरळीच्या रेंजवर घडल्या, पण त्यांच्या खेळात हा विषय येत नाही. तो येतो सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यभागी वेगळा प्रायमर असलेली काडतुसे उडवणाऱ्या, रायफलींच्या बाबतीत: .३०३, .३०-०६, .३०८ किंवा आपल्याकडे परवानाधारकांत सर्रास आढळणारी .३१५. कायद्याची बाजूही इथेच सांगितलेली बरी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही मोडतात, आणि कलम ५ नुसार उत्पादनाला परवाना लागतो. रायफल बाळगण्याचा परवाना खिशात असणे ही वेगळी गोष्ट.

खुणा का उमटतात हे समजायला केसचे काम पाहावे लागते. केसचे पितळ साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असे असते. बारूद पेटले की केस फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते, म्हणून सहज बाहेर निघते. गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा हा सारा खेळ एक-दीड मिलिसेकंदांचा. केसची मान मऊ ठेवलेली असते, बूड जाड आणि कठीण असते. दाब इतका वाढला की बुडाचे पितळ लवचिकतेची मर्यादा ओलांडते, तर ते पूर्ववत होत नाही. पुढच्या बहुतेक खुणा म्हणजे या न परतलेल्या धातूच्याच निरनिराळ्या रूपांतल्या नोंदी आहेत.

सगळ्यांची नजर आधी प्रायमरकडे जाते, आणि फसवणूकही तिथेच जास्त होते. प्रायमरची कड गोलसर असते. दाब जास्त झाला की ती चपटी होऊन बुडातली प्रायमरची खाच भरून टाकते, असे शिकवले जाते. ते खरे आहे, पण चपटा प्रायमर कमी दाबानेही होतो. केस आणि बोल्टचे तोंड यांत मोकळी जागा जास्त असली, तर पेटताना प्रायमर मागे सरकतो, केस मात्र भिंतीला चिकटून पुढेच राहते. दाब वाढत गेला की केसचे बूड ताणून मागे येते आणि बाहेर आलेल्या प्रायमरला पुन्हा खाचेत दाबून चपटे करते. दाब फारच कमी असेल तर बूड मागे येतच नाही आणि प्रायमर बाहेर डोकावत राहतो. त्यात निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रायमरच्या टोपीचा पत्रा कमीजास्त कठीण असतो. एकाच भरणीत एक चपटा दिसेल, दुसरा कोरा करकरीत.

प्रायमरवर ठोका देणाऱ्या फायरिंग पिनच्या खड्ड्याभोवती उठलेल्या वळाचे, म्हणजे क्रेटरचे, तसेच. टोपीचा पत्रा पिनच्या छिद्रात मागे ढकलला गेला की तो उठतो. पण छिद्र झिजून मोठे झालेल्या किंवा स्प्रिंग थकलेल्या जुन्या रायफलीत कारखान्याचे साधे काडतूसही असे वळ उठवते. त्या रायफलीचे कारखानी काडतुसावरचे प्रायमर जवळ ठेवूनच नवे प्रायमर पाहावेत. एकट्या प्रायमरकडे पाहून काही ठरवू नये. प्रायमरला भोक पडले असेल तर मात्र चर्चा संपली: त्यातून तापलेला वायू बोल्टमधून थेट नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो. रेंजवर चश्मा सक्तीचा असण्यामागे हेही एक कारण आहे. आणि प्रायमर खाचेतून सैल होऊन गळूनच पडला, तर बुडातली खाच कायमची रुंदावली आहे. ती केस भंगारात.

बुडाच्या खुणा अधिक विश्वासाच्या. बोल्टच्या तोंडावर रिकामी केस बाहेर उडवणाऱ्या इजेक्टरच्या दट्ट्यासाठी छिद्र असते. दाब फार झाला की पितळ त्यात शिरते आणि बुडावर चकाकता गोल ठिपका उमटतो. बोल्ट फिरवताना तो घासून आणखी उजळतो. त्याच्याच जोडीने बोल्टचा दांडा जड उठू लागतो, पावसाळ्यात फुगलेल्या दरवाजासारखा. बोल्ट जड लागण्यामागे चेंबरमधली घाण किंवा नीट आकारात न आणलेली केसही असू शकते. पण ठिपका आणि जड बोल्ट दोन्ही एकदम आले, तर शंकेला जागा उरत नाही. बुडाजवळचा व्यास उडण्याआधी आणि नंतर मायक्रोमीटरने मोजण्याचीही जुनी पद्धत आहे. पितळाचा कठीणपणा खेपेगणिक बदलत असल्याने तिचे आकडे दिसतात तितके पक्के नसतात.

बुडाच्या थोडे वर दिसणारे चकाकते कडे मात्र दाबाचे नव्हे. ते केस ताणली जाऊन तिथे तुटण्याच्या बेतात असल्याचे चिन्ह आहे. ली-एन्फील्ड या .३०३ च्या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीत बोल्टची पकड मागच्या बाजूला असल्याने तो दाबाखाली किंचित लवतो आणि .३०३ च्या केस लवकर ताणल्या जातात. त्यामुळे हे कडे त्या रायफलीत नेहमी शोधावे.

आता मूळ अडचण. खुणा धातू वाकल्यावर उमटतात, म्हणून त्या नेहमी उशिरा येतात. अमेरिकी मानकांनुसार .३०८ विंचेस्टरची कमाल मर्यादा ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे, .३०३ ची ४९,०००. पितळ दोन्हीकडे जवळपास सारखेच. म्हणजे .३०८ मध्ये खूण दिसेपर्यंत मर्यादा नुकतीच ओलांडलेली असेल; .३०३ किंवा त्याहून नाजूक जुन्या रायफलीत मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते आणि केस तरीही निष्पाप दिसते. आकड्यांचे एककही पाहून घ्यावे. पूर्वी दाब तांब्याचे छोटे दंडगोल किती चिरडले जातात यावरून मोजत. आता पिझोविद्युत, म्हणजे दाब पडताच वीज निर्माण करणाऱ्या, संवेदकाने मोजतात. .३०८ साठी जुन्या पद्धतीचा आकडा ५२,००० आणि नव्या पद्धतीचा ६२,०००. दोन पुस्तकांतले हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून गफलत करणारे कमी नाहीत.

घरगुती साधनांत या खुणांपेक्षा गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ जास्त प्रामाणिक. तीच गोळी, तेच बारूद, तेवढीच नळी असताना भरणीच्या पुस्तकापेक्षा वेग जास्त येत असेल, तर दाबही जास्त आहे. फुकटचा वेग कुणालाच मिळत नाही.

दाब वाढवणारी कारणे बहुधा क्षुल्लक दिसतात. गोळी बदलली, बारुदाचा नवा लॉट उघडला, गोळी इतकी बाहेर बसवली की ती रायफलिंगला, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांना, टेकली, मान लांबलेली केस न कापता भरली. लष्करी ७.६२ च्या (.३०८ च्या लष्करी भावंडाच्या) केसचे पितळ सहसा जाड असते, त्यामुळे आत जागा कमी उरते आणि .३०८ च्या व्यापारी केससाठी ठीक असलेले बारुदाचे माप तिथे जास्त ठरते.

हवामानाचा भाग मुंबईकराने थोडा जास्त मनावर घ्यावा. बारूद तापले की वेगाने जळते आणि दाब चढतो; काही आधुनिक बारुदांत हा परिणाम कमी असतो, संपलेला नसतो. हे भारतातल्या उन्हाने फार पूर्वी शिकवले. कॉर्डाइट या जुन्या ब्रिटिश बारुदाच्या काळात इकडच्या उष्णतेत केस चेंबरला चिकटत, म्हणून इंग्रज काडतूसवाले उष्ण प्रदेशांसाठी हलकी भरणी वेगळी विकत. १९११ च्या .४१६ रिग्बीची केस एवढी ऐसपैस आहे ती त्याच हिशेबाने. दाब मुद्दाम कमी ठेवला आहे. मुंबईचा जानेवारी आणि मे यांतला फरक दिल्लीइतका नसतो खरा, पण मे महिन्यात बंद गाडीत राहिलेला काडतुसांचा डबा किंवा तापलेल्या चेंबरमध्ये बोलण्याच्या नादात तसेच राहिलेले काडतूस हवामान खात्याचे आकडे पाहत नाही. दमटपणा उलट्या दिशेने काम करतो: उघड्या डब्यातले बारूद ओल धरते आणि मंदावते. अशा बारुदावर जुलैत ठरवलेली भरणी, डबा कोरडा झाल्यावर, तीच राहत नाही.

पावसाची आणखी एक खोड आहे. चेंबर किंवा केस ओली अथवा तेलकट असली, तर केसला भिंतीची पकड मिळत नाही आणि सगळा जोर मागे बोल्टवर येतो. दाब तेवढाच, तरी बोल्टवरचा भार वाढलेला. ली-एन्फील्डच्या प्रूफ, म्हणजे मजबुतीच्या, चाचणीत तेल लावलेले काडतूस वापरत, ते याच साठी.

केसचे हेच बूड मुंबईत आणखी एका ठिकाणी वाचले जाते: कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. तिथला प्रश्न निराळा, की ही केस कोणत्या शस्त्रातून उडाली. पिनचा खड्डा आणि बोल्टच्या तोंडाचे ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली जुळवले जातात.

खूण दिसल्यावर करायचे ते थोडे आहे. गोळीबार थांबवावा. अडकलेला बोल्ट हातोड्याने ठोकू नये, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्यावा. त्या भरणीची उरलेली काडतुसे ‘आणखी एक उडवून पाहू’ म्हणून वापरू नयेत. गोळ्या ओढून ती रिकामी करावीत. पुढची भरणी पुस्तकात दिलेल्या सुरुवातीच्या वजनापासून पुन्हा चढवत न्यावी. काढलेले बारूद कोणत्या डब्यातले याची खात्री नसेल, तर ते कुठल्याच डब्यात परत टाकू नये.