‘फील्ड स्पोर्ट्स’ म्हणजे मैदानी खेळ नव्हेत

मैदानी खेळ काय ते मराठी माणसाला सांगायला नको. कबड्डी, खो-खो, क्रिकेट; आखलेलं मैदान, समोर प्रतिस्पर्धी, मध्ये पंच, शेवटी निकाल. घोळ होतो तो भाषांतरात. ‘फील्ड स्पोर्ट्स’ दिसलं की ‘मैदानी खेळ’ लिहून मोकळं व्हायचं! पुन्हा पुन्हा तीच चूक वाचून मला चीड येते.

इथलं ‘फील्ड’ म्हणजे शेत, माळ, रान, नदीकाठ. शिकारी कुत्र्यांच्या मागे घोडा फेकत केलेला कोल्ह्याचा पाठलाग, गळाने मासे धरणं, बंदुकीने पाखरं टिपणं, ससाणा सोडून केलेली शिकार. इथे माणसाची गाठ जनावराशी असते. गुणफलक नाही, पंचही नाही. ‘स्पोर्ट’चा जुना अर्थच करमणूक, मन रमवणं. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’मध्ये मृगया आणि मासेमारी राजाच्या ‘विनोदां’त घातली, ती याच अर्थाने. म्हणून ‘मृगया आणि मासेमारी’ असं लिहा. शब्द वाढले तरी चालतील, अर्थ बदलता कामा नये. (ब्रिटनमध्ये कुत्र्यांनिशी ते ‘हंटिंग’ आणि बंदुकीने ते ‘शूटिंग’. आपलं दोन्हीकडे ‘शिकार’ने भागतं.)

हा अर्थ धरला नाही, तर अमेरिकेत व्हर्जिनियातल्या मिडलबर्गची ‘नॅशनल स्पोर्टिंग लायब्ररी अँड म्युझियम’ ही संस्था कळतच नाही. जॉर्ज ऑर्स्ट्रॉम आणि अलेक्झांडर मॅकाय-स्मिथ यांनी १९५४ साली ती स्थापली, तेव्हा ते नुसतं ग्रंथालय होतं. मिडलबर्गचा परिसर घोड्यांचा आणि कोल्ह्याच्या शिकारीचा, त्यामुळे जागा अगदी योग्य. १९९९ मध्ये ग्रंथालयाची नवी इमारत झाली. कलासंग्रहालय आलं २०११ मध्ये, ‘व्हाइन हिल’ या १८०४ सालच्या घरात.

इथे खेळाडूंच्या जर्सी शोधू नका. घोडे, शिकारी कुत्रे यांची चित्रं पाहा. आणि एक हस्तलिखित: पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८६ मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेलं, लाँग आयलंडवर शिकारी कुत्र्यांमागे घोडा दौडवण्याबद्दलचं. तरुण वयात, या छंदात बुडालेला असताना तो माणूस लिहीत होता, म्हणून मला ते फार मोलाचं वाटतं.

ग्रंथालयाच्या अंगणात ब्राँझचा एक घोडा उभा आहे, खंगलेला, मान खाली घातलेला. अमेरिकी यादवी युद्धात मेलेल्या आणि जखमी झालेल्या १५ लाख घोड्यांचं आणि खेचरांचं ते स्मारक. तिथे आधी थोडा वेळ थांबा, मग आत जा.