जाळलेला तारा: हाताचा की लेझरचा?

नाशिकच्या शरणपूर रोडला राहणाऱ्या एका मावशींनी गेल्या नाताळात माझ्या हातावर दोन लाकडी तारे ठेवले. दोन्ही तळहाताएवढे, दोन्हींवर गव्हाणीत निजलेलं बाळ, रेघाही सारख्याच तपकिरी. "सांग बघू, यातला हाताने केलेला कुठला?" मी ऐटीत उचलला तो नेमका लेझरचा निघाला. पायरोग्राफीचं, म्हणजे तापलेल्या टोकाने लाकडावर नक्षी जाळायचं पेन चार वर्षं हातात असूनही फसले, कारण तारा नुसता समोरून बघितला.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही प्रकारांत लाकूड खरोखरच जळलेलं असतं, रंग किंवा शाई कुठेच नसते. फरक आहे तो जळण्याच्या रीतीत. पेनचं तापलेलं टोक लाकडाला टेकतं, थोडं दाबतं आणि वरचा थर करपवतं. लेझरमध्ये लाकडाला काही शिवतच नाही. एकवटलेला किरण पडतो तिथल्या लाकडाचा क्षणात धूर होतो आणि बारीक चर उरते. इतरांचं काम मशीनवर करून देणाऱ्या जॉबवर्कवाल्यांकडे बहुधा कार्बन डायऑक्साइडचं मशीन असतं, त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही. घरगुती छोट्या मशीनमधला डायोड निळा प्रकाश टाकतो.

आता तारा पुन्हा हातात घ्या. हाताच्या रेघेला सुरुवात असते. पेन लाकडावर टेकतं तिथे ते सगळ्यात गरम असतं, त्यामुळे रेघेच्या तोंडाशी गडद टिंब पडतं, पुढे ती फिकी होत जाते. कसलेला हात हे टिंब टाळतो, पण प्रत्येक रेघेला नाही. लेझरने भरलेला भाग मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठा करून बघितला, तर नांगरलेल्या शेतासारख्या एकसारख्या समांतर रेघा दिसतात. आणि सोपी खूण म्हणजे विकणाऱ्याकडे त्याच नक्षीचा दुसरा तारा मागायचा. बाळाच्या दोन्ही पापण्या तंतोतंत जुळल्या, की समजायचं.

चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडावर तर नखानेच कळतं. चिडाची वलयं आळीपाळीने मऊ आणि टणक असतात. लेझर मऊ पट्टा जास्त खोदतो, टणक पट्टा वर राहतो, म्हणून नख फिरवलं की खरखर लागते. पेन टणक पट्ट्यावर आलं की अडतं आणि रेघ तेवढ्यापुरती फिकी पडते.

कडेवरून मात्र निकाल देऊ नका. काळपट, सरळ, गुळगुळीत कड म्हणजे आकार लेझरने कापला, एवढंच. मी स्वतः ताऱ्याचे कोरे आकार लेझरने कापून घेते आणि वर पेनने काम करते. पाच टोकं करवतीने कापत बसण्यात मला काही पुण्य दिसत नाही.

म्हणून लेझरच्या कामाला 'नकली' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. राग येतो तो लेझरचा तारा 'हाताने जाळलेला' म्हणून विकतात त्याचा. तीन मिलिमीटर प्लायवर पन्नास नावं हवी असतील, तर लेझरच बरा. फक्त देवनागरी सांभाळा. एकदा मी 'ख्रिस्तजयंती' लिहिलेल्या चाळीस पट्ट्या करायला दिल्या. जॉबवर्कवाल्याच्या कॉम्प्युटरवर माझा फॉन्ट नव्हता. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे गेली, रकार सुटा पडला, आणि चाळीसच्या चाळीस पट्ट्या तशाच जळून आल्या. लेझरला अक्षर कळत नाही, फाईलमध्ये असेल ते तो निष्ठेने जाळतो. तेव्हापासून अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृतीत बदलूनच फाईल देते, आणि आधी एक नमुना काढून घेते.

लेझरच्या कामाभोवती धुराची पिवळट छटा राहते. लाकडावर आधी मास्किंग टेप लावली, तर ती टेपवर बसते आणि टेपबरोबर निघून जाते. हाताच्या कामात हा प्रश्न जवळजवळ नसतो, पण धूर थेट नाकाशी येतो. खिडकी उघडी हवी आणि पंखा धूर बाहेर ओढणारा हवा, तोंडावर मारा करणारा नको. एमडीएफवर, म्हणजे लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेल्या फळीवर पेन चालवूच नका, त्यातला फॉर्मल्डिहाइडचा डिंक तापतो.

पेनऐवजी घरातलं सोल्डरिंग आयर्न चालेल का, असं बरेच जण विचारतात. महात्मा गांधी रोडवर ते सहज मिळतं, स्वस्तही असतं. नवं कोरं असेल तर जाड रेघांपुरतं चालतं. पण ज्याने आधी डाग दिलेत, त्याच्या टोकावर शिसं असू शकतं. ते लाकडावर घासून मुलांच्या हातात तारा द्यायचा नाही.

लाकूड फिकं आणि शांत हवं. शिवण उत्तम, स्टीम बीच चांगलं. सागात तेल असतं आणि रंगही गडद, त्यावर नक्षी उठत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून पॅकिंगच्या पेट्यांचं चीड मिळतं, पण फळीवरचा शिक्का वाचून घ्या. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते जाळू नका.

नाशिककर म्हटल्यावर द्राक्षाच्या खोडाच्या चकत्यांचा मोह होतोच. मलाही झाला. पण द्राक्षाच्या लाकडाला छिद्रं मोठी, पेनची रेघ ठेचकाळते. साल तर पट्ट्यापट्ट्यांनी सुटते. लेझरलाही ती चकती झेपत नाही, कारण पृष्ठभाग सपाट नसला की किरणाचा फोकस सुटतो आणि रेघ पसरते. शेवटी काड्याच कामाला आल्या. एप्रिलच्या खरड छाटणीत निघालेल्या काड्या ओल्या असतानाच वळवून गोल बांधून ठेवल्या, की डिसेंबरपर्यंत त्यांची कडक रिंग होते आणि मधोमध तारा टांगता येतो.

दुसऱ्या झाडाच्या फांदीच्या चकत्या घेतल्या, तर त्या सावलीत पूर्ण वाळू द्या. ओल्या लाकडावर पेनची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच जाते, रेघ फिकी उमटते आणि नंतर चकती मध्यापासून कडेपर्यंत तडकते ती वेगळीच. पॉलिश पेपर आधी १२०, मग २२० नंबरचा. नक्षी झाल्यावरच वॉर्निश, आधी कधीच नाही, नाहीतर पेन वॉर्निशच जाळत बसतं.

खिडकीत टांगायचा तारा असेल, तर हाताच्या कामाला एक अडचण आहे. फिकी छटा उन्हात दोनतीन वर्षांत उडते. गडद रेघ टिकते, खोल चर तर टिकतेच, त्यामुळे बाहेरच्या ताऱ्याला लेझर बरा. पण बाळाच्या गालावरची सावली, करड्याहून फिकी आणि कडेला विरत जाणारी, लेझर ठिपक्यांनी करतो आणि जवळून बघितलं की ते ठिपके मोजता येतात. पेनने तिथे नुसतं टोक फिरवायचं, लाकडाला जेमतेम लागेल असं, आणि रंग चढायला लागला की उचलायचं.

यंदा मावशींनी अठ्ठावीस तारे सांगितलेत. आकार आणि मागची नावं लेझरने करायची ठरली.

"आणि बाळ?" मी विचारलं.

"बाळ तूच कर. आणि मागच्या वेळचा तो लेझरचा तारा मला परत दे, माझा आहे तो."